कुत्र्याचा वाटा: रोडग्यापासून आतड्यापर्यंत

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी म्हणजे चंपाषष्ठी. आकुर्डीच्या खंडोबाच्या माळावर त्या दिवशी भंडारा उधळतो, खेड तालुक्यात निमगाव दावडीच्या डोंगरावर येळकोट घुमतो. घरोघरी बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात असा नैवेद्य होतो, तळी भरली जाते आणि नैवेद्यातला एक वाटा कुत्र्याला घातला जातो. खंडोबाच्या घोड्यापाशी कुत्रा असतो, म्हणून त्याचा हा मान. वाघ्यांनी कोटंब्यातलं अन्न कुत्र्यासारखं भुंकत खायचं, अशीही रीत होती.

हा वाटा खंडोबापुरता नाही. सुकी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मराठी घरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतात. पण कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. त्याने भाकरी पळवावीच का, आणि पळवली तर ती त्याला पचावी कशी? या वाट्याची खरी कुळकथा इथून सुरू होते.

कुत्र्याच्या तोंडात शिरलेल्या भाकरीच्या मागे जाऊ. त्याचे दात फाडायला आणि हाडं फोडायला घडलेले. आपल्यासारखं चावत बसणं त्याला जमत नाही. तुकडा तोडला की गिळला. आपण भाकरी चावत राहिलो की ती गोड लागते, कारण आपल्या लाळेतलं अमायलेज पिठातल्या स्टार्चची साखर करू लागतं. कुत्र्याच्या लाळेत ही सोय जवळजवळ नाहीच. तुकडा अन्ननलिकेतून थेट जठरात.

जठर डावीकडे, शेवटच्या फासळ्यांच्या आड असतं. रिकामं असताना ते बाहेरून चाचपडून हाताला लागत नाही. भरलं की फासळ्या ओलांडून खाली येतं. मिळेल तेव्हा भरपूर खायचं आणि मग दिवसभर उपाशी राहायचं, ही शिकारी जनावराची सवय. तिच्यासाठीच ही फुगणारी पिशवी. तिच्या आत घड्या असतात, त्या अन्न आल्यावर उलगडतात. तीव्र आम्ल आणि पेप्सिन मांस आणि कच्चं हाड विरघळवू लागतात. बाजरीतल्या स्टार्चला मात्र इथे कोणी हात लावत नाही.

या जठराचा सर्वांत बारकाईने अभ्यास केला तो रशियातल्या इव्हान पावलॉव्ह यांनी. घंटा आणि लाळ यांच्यासाठी ते प्रसिद्ध असले, तरी १९०४ चं नोबेल त्यांना मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. कुत्र्याच्या जठराचा एक कप्पा शस्त्रक्रियेने वेगळा काढून त्यांनी तो बाहेर उघडला आणि त्यातून येणारा रस तासातासाला मोजला. मांस, दूध आणि पाव, प्रत्येकावर येणारा रस निराळा निघाला. मांसावर आम्ल जास्त, तर पावावर पेप्सिन सर्वांत कडक. एवढंच काय, त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांचा जठररस अपचनावरचं औषध म्हणून विकलाही जाई. भाकरतुकडा पोटात पडला की कुत्र्याचं पोट त्याची दखल घेतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

खरा पालट मात्र जठराच्या पुढे आहे. जठराच्या शेवटाशी असलेल्या झडपेतून पातळ झालेलं अन्न लहान आतड्यात उतरतं. पहिला भाग उजव्या कुशीने मागे जातो आणि वळून परत येतो. त्याच्या वळणात स्वादुपिंड बसलेलं असतं. ते इथे अमायलेज सोडतं आणि लाळेने न केलेलं काम इथे होतं. पुढे आतड्याच्या भिंतीवरची विकरं उरलेल्या तुकड्यांची साधी साखर करतात आणि भिंत ती रक्तात घेते. कुत्र्याची सगळी आतडी त्याच्या अंगाच्या लांबीच्या पाच-सहा पट असतात. मेंढीची पंचवीस पट. मोठं आतडं आखूड, आणि जिथे चारा कुजवून पचवायचा ते आंधळं आतडं तर नावापुरतं. कुत्र्याला कडबा कधीच पचणार नाही, पण शिजलेलं पीठ पचतं.

ते का पचतं, याचं उत्तर २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलं. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक आक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ लांडगे आणि १४ जातींचे ६० कुत्रे यांची जनुकं ताडून पाहिली. स्वादुपिंडातल्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात. कुत्र्यांत त्या ४ ते ३० निघाल्या. आतड्याच्या भिंतीवरची साखर करणारी आणि ती रक्तात घेणारी, अशा पुढच्या दोन्ही पायऱ्यांवरही बदल सापडले. म्हणजे भाकरीच्या वाटेवरचे तिन्ही टप्पे बदलले होते. पुढच्या अभ्यासांत दिसलं की शेती रुजलेल्या मुलखातल्या कुत्र्यांत या प्रती भरपूर असतात. शेतीशी फारसा संबंध न आलेल्या उत्तर ध्रुवाकडच्या कुत्र्यांत आणि ऑस्ट्रेलियाच्या डिंगोत कमी. माणसाने धान्य पिकवलं, उष्टं-खरकटं टाकलं, आणि ज्या कुत्र्याला ते पचलं त्याची पिल्लं जगली.

आपल्या भागातला पुरावाही लांब नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातल्या त्या शेतकरी वस्तीत सातूचे दाणे मिळाले, आणि गाय, शेळी, मेंढी यांच्याबरोबर कुत्र्याची हाडंही. बाजरी मूळची आफ्रिकेची. तीही साधारण चार हजार वर्षांपूर्वी भारतात आली आणि इथल्या कोरडवाहू जमिनीत रुजली. रोडगा आणि तो खाणारा, दोघेही बाहेरून आले आणि इथलेच झाले.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. बाजरीची शेतं गेली, गावकीचे कुत्रे राहिले. आता त्यांचा वाटा येतो तो कंपन्यांच्या कँटीनमधून, नाशिक हायवेवरच्या ढाब्यांवरून आणि सोसायट्यांच्या कचऱ्यातून. तिसरी पाळी सुटताना गेटवर डबा उघडून चपाती टाकणारा कामगार नामदेवांचाच वारस आहे. पण या वाट्यात आता अशा गोष्टी मिसळतात, ज्यांची ओळख कुत्र्याच्या शरीराला झालेली नाही. भाताबरोबर बांधलेली पिशवी गिळली जाते. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या कपच्या होतात आणि त्या आतडं फाडतात. पावसाळ्यात मक्याचं कणीस खाऊन फेकलेलं बुरकुंड लहान आतड्यात अडकतं. शस्त्रक्रिया केल्याशिवाय ते निघत नाही.

आणि कांदा. चाकणचा कांदाबाजार राज्यभर प्रसिद्ध; इथल्या कुठल्याही उरल्यासुरल्या भाजीत कांदा असणारच. कुत्र्याचं आतडं कांदा सहज शोषून घेतं. घात पुढे रक्तात होतो. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं तांबड्या पेशींवर मारा करतात आणि त्या फुटू लागतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला, तरी रक्तात बदल दिसतात. १५ किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे पुरतात. शिजवल्याने विष जात नाही. लसूण आणि कांद्याची पात त्याच कुळातली. लक्षणं लगेच नव्हे, दोन-चार दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, जनावर मलूल होतं. तोवर काय खाल्लं होतं ते कोणाच्या लक्षातही राहत नाही.

कुत्र्याला घालावं की नाही, यावर शहरात वाद पुष्कळ आहेत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी खायला घालण्याची जागा जिने, प्रवेशद्वारं आणि मुलांच्या खेळण्याच्या जागांपासून दूर ठरवायला सांगितली आहे, ते पाळावं. आणि येत्या चंपाषष्ठीला कुत्र्याचा वाटा काढाल, तेव्हा रोडगा जरूर द्या, भरीत आणि पात आपल्या ताटात ठेवा. खंडोबाचा मान त्याने कमी होत नाही.