सिग्नल पडला!

परभणी-पूर्णेकडच्या मंडळींना 'सिग्नल पडला' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. खांबावरचा लाल हात खाली झुकला की गाडीला वाट मोकळी. आता रंगीत दिवे आले, पण बोलण्यात सिग्नल अजून पडतोच. हाच हात संगणकात कसा शिरला, त्याची ही गोष्ट.

निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज सुरू झाली. परभणी, पूर्णा, नांदेड ही तिच्यावरचीच स्टेशनं. एकेरी रुळाचा नियम साधा: दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. आपल्या देशात अशा अनेक मार्गांवर ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा देत. गोळा ज्याच्याकडे, रूळ त्याचा. पुढच्या स्टेशनात तो यंत्रात परत पडेपर्यंत दुसरी गाडी सुटत नसे.

१९६० च्या दशकात हॉलंडमध्ये एड्सगर डायक्स्ट्रा यांच्यापुढे हाच प्रश्न होता. संगणक एक, प्रोसेस अनेक, आणि मेमरीचा तुकडा सामायिक. दोघांनी एकदम हात घातला की आकडे बिघडणार. त्यांनी उपाय काढला आणि नाव घेतलं रेल्वेच्या सिग्नलचं: सेमाफोर. क्रिया दोनच. 'पी' म्हणजे वाट मोकळी असेल तर आत जा, नाहीतर थांब. 'व्ही' म्हणजे वाट मोकळी कर. १९८३ च्या युनिक्स सिस्टीम फाइव्हमध्ये सेमाफोर होते, तिथून ते लिनक्समध्येही आले.

गोम इथे आहे. हा सेमाफोर कर्नलमध्ये राहतो. प्रोसेस मेली तरी तो मरत नाही. गोळा खिशात घेऊन ड्रायव्हरच गायब व्हावा, तसं! बाकीच्या प्रोसेस मुकाट वाट बघतात. ना एरर, ना सीपीयूवर ताण. असे बेवारस सेमाफोर साठत गेले तर एक दिवस 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा निरोप येतो आणि माणूस डिस्क साफ करत बसतो. डिस्क रिकामीच असते. संपलेली असते सेमाफोरची मर्यादा.

अशा वेळी 'आयपीसीएस' कमांडला विचारावं. 'उणे एस'ने यादी मिळते. लिनक्सवर पुढे 'उणे आय' आणि सेमाफोरचा क्रमांक दिला की किती जण खोळंबलेत आणि शेवटचा हात कुणाचा लागला, ते कळतं. तो नंबर 'पीएस'च्या यादीत नसेल, तर गोळा बहुधा मेलेल्याच्याच खिशात. मग 'आयपीसीआरएम'ने सेमाफोर काढता येतो, पण तो दुसरं कुणी वापरत नाही याची खात्री करूनच. प्रोग्राम लिहितानाच 'सेम-अनडू' वापरलं तर प्रोसेस मरताच कर्नल आपणहून गोळा परत घेतो.

तरी एक गोष्ट कर्नल सांगू शकत नाही: मरणारा काम अर्धवट टाकून गेला का? वाट मोकळी झाली म्हणजे रूळ शाबूत आहे असं नाही. म्हणून मशीन अडकलं की लगेच रीस्टार्ट करू नये. त्याने सेमाफोर जातात आणि पुरावाही जातो. आधी गोळा कुणाकडे आहे ते बघावं, मग त्याने अर्धवट सोडलेले आकडे तपासावेत आणि मगच सिग्नल पाडावा.