सफेद मुसळी : बागेच्या सावलीतील लागवड आणि खरी मुसळी ओळखण्याच्या खुणा

सफेद मुसळी ही पानझडी जंगलात, झाडांच्या विरळ सावलीत पावसाळ्यात उगवणारी कंदवर्गीय वनस्पती आहे. शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. हे नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे. औषधी बाजारात तिच्या सोललेल्या, वाळलेल्या मुळ्यांना मागणी असते. या पिकात सर्वात मोठा खर्च बेण्याचा आणि सर्वाधिक फसवणूकही बेण्यातच होते, म्हणून लागवडीआधी ओळख पक्की असावी.

ओळख

पहिल्या पावसानंतर जमिनीलगत पानांचा झुबका येतो. पाने लांबट, टोकदार, कडा किंचित लहरी. पानांना देठ नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये मधून एकच, बहुधा फांद्या नसलेला दांडा निघतो. त्यावर लहान पांढरी फुले साधारण तीन-तीनच्या झुपक्यात येतात. पण खरी परीक्षा जमिनीखाली. एक रोप हलक्या हाताने उपटून पाहावे. खऱ्या मुसळीच्या मांसल मुळ्या झुपक्याने थेट खोडाच्या चकतीला चिकटलेल्या असतात, हाताच्या बोटांसारख्या. जर बारीक दोऱ्यासारख्या मुळांच्या टोकाला शेंगदाण्यासारख्या गाठी लोंबत असतील, तर ती कुलू, म्हणजे क्लोरोफायटम ट्युबरोसम. तिची फुलेही मोठी असतात. पावसाळ्यात रानभाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या फोडशी, कुलू या नावांची गावोगावी अदलाबदल होते. त्यामुळे नुसत्या नावावर विसंबून बेणे घेऊ नये.

काळी मुसळी वेगळीच. पाने ताडाच्या रोपासारखी घडीदार, फुले पिवळी आणि जमिनीला टेकलेली, खाली सरळ उतरणारा एकच काळपट कंद. खणताना पापुद्र्यांचा कांदा निघाला तर तो रानकांदा असू शकतो. पानाच्या टोकाला वळलेली तणावे आणि खाली नांगरासारखा दुभंगलेला कंद असेल तर ती कळलावी. या दोन्ही विषारी आहेत. कळलावीचा कंद चुकून खाल्ल्याने माणसे दगावतात, त्यामुळे ओळख न पटलेला कंद चाखून पाहू नये, मुलांच्या हाती तर देऊच नये.

वाळलेल्या मालात शतावरीच्या मुळ्यांची भेसळ होते. शतावरीची मुळी लांब असते व तिच्या मधोमध चिवट शीर असते. मुसळीत अशी शीर नसते.

सावली किती?

जंगलात सावलीत वाढते म्हणून दाट सावली चालते, हा समज चुकीचा आहे. दाट सावलीत पाने लांबट, लुसलुशीत होतात आणि मुळ्या पेन्सिलीहून बारीक राहतात. आंबा, चिकू, आवळा यांच्या तरुण बागेत, ऊन-सावलीची जाळी पडते अशा पट्ट्यात घ्यावी. सागाखाली मात्र जपून, कारण ऐन पावसाळ्यात सागाची पाने पूर्ण पसरतात. शिवाय मोठ्या पानांवरून पडणारे जाड थेंब वाफ्याची माती उडवून डोळे उघडे पाडतात. सागाच्या ओळीपासून दूर, बांधाकडेच्या जागेत पीक बरे येते.

लागवड

निचरा होणारी, वालुकामिश्रित पोयट्याची जमीन हवी. काळ्या भारी जमिनीत पाणी साचून मुळ्या सडतात, तिथे हे पीक घेऊच नये. चांगले कुजलेले शेणखत एकरी ८ ते १० टन टाकावे. कच्च्या शेणखतासोबत हुमणी येते. खतात ट्रायकोडर्मा मिसळल्यास कुजव्याला आळा बसतो.

पाऊस स्थिरावल्यावर, जून अखेर ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात गादी वाफ्यावर ३० × १५ सें.मी. अंतराने लावावे. प्रत्येक फिंगरला खोडाच्या चकतीचा तुकडा असलाच पाहिजे. तो नसेल तर मुळी कितीही जाड असली तरी फुटत नाही. मोडक्या मुळ्यांचे बेणे वजनावर विकतात ते याचसाठी स्वस्त असते! वाटा सोडून एकरी सुमारे ८० हजार फिंगर लागतात. पहिल्या वर्षी एक गुंठाच, म्हणजे सुमारे दोन हजार फिंगर लावून स्वतःचे बेणे वाढवावे. जंगलातून खणून आणू नये, तिथली मुसळी आधीच कमी झाली आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाने पिवळी पडून गळतात. हा रोग नव्हे, फवारणी करू नये. पाने गेल्यावरही मुळ्या जमिनीत राहू द्याव्यात. पांढरट साल तपकिरी झाली की, नोव्हेंबर-डिसेंबरनंतर, हाताने खणावे. बेण्याचे झुपके न धुता, न तोडता सावलीत वाळूत ठेवावेत. विक्रीच्या मुळ्या धुऊन, साल काढून उन्हात वाळवाव्यात. वाळल्यावर वजन साधारण पाचव्या हिश्श्यावर येते, त्यामुळे ओल्या वजनावर नफ्याचा हिशेब मांडू नये. खरेदी-हमीचा करार करायचा झाल्यास भाव ओल्या मालाचा की सुक्याचा, प्रत कोण ठरवणार आणि पैसे कधी देणार, हे बेण्याचे पैसे देण्याआधी कागदावर घ्यावे.