राजाही नको, मरणही नको

१९२०च्या दशकाच्या आरंभी यादवी युद्ध आणि दुष्काळ रशियातली माणसं गिळत होते. त्याच दिवसांत कवी अलेक्सांद्र स्वियातोगोर आणि त्याच्या सोबत्यांनी माणसाचे दोन मूलभूत हक्क जाहीर केले: कायम जगण्याचा आणि अवकाशात मुक्त संचाराचा. स्वतःसाठी त्यांनी नाव घडवलं 'बायोकॉस्मिस्ट'. त्यात जीवनही आलं आणि विश्वही. झार गेला, पण मरणाचं राज्य चालूच आहे, मग तेवढं का सोसायचं, हा त्यांचा रोकडा सवाल. 'अनार्को-ट्रान्सह्यूमॅनिझम' हा आजचा जोडशब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी त्यातला विचार असा उभा राहिला होता.

बीज मात्र निकोलाय फ्योदोरोवचं. मॉस्कोच्या रुम्यान्त्सेव संग्रहालयातला हा विरक्त ग्रंथपाल सांगे, की मेलेल्या पूर्वजांना विज्ञानाच्या बळावर परत उठवणं हे साऱ्या मानवजातीचं सामायिक कर्तव्य आहे. तो श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि झारशाहीचा पाठीराखाही! बायोकॉस्मिस्टांनी त्याचं स्वप्न घेतलं, झार टाकला. मला ही निवड फार मोलाची वाटते.

आता शब्दांकडे. ग्रीक 'आर्खोस' म्हणजे शासक. तो नसणं म्हणजे 'अनार्खिया'. त्यावरून आलेला, निंदेसाठी वापरला जाणारा 'अनार्किस्ट' हा शब्द फ्रेंच विचारवंत प्रुधाँनं १८४० मध्ये आपण होऊन स्वतःला लावून घेतला. 'ट्रान्सह्यूमॅनिझम'चं मूळ कवितेत सापडतं. इटालियन कवी दान्तेनं 'पारादीसो' या काव्याच्या पहिल्याच सर्गात 'त्रासुमानार' हे क्रियापद घडवलं: माणूसपण ओलांडणं. त्याच्या लेखी ते ईश्वरकृपेनंच घडणार. १९५७ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्यूलियन हक्सलीनं 'ट्रान्सह्यूमॅनिझम' याच नावाचा निबंध लिहिला आणि ते काम माणसाच्याच हाती सोपवलं. पण हाच हक्सली पुढे निवडक प्रजननातून माणसाचा वंश 'सुधारू' पाहणाऱ्या ब्रिटनच्या युजेनिक्स सोसायटीचा अध्यक्ष झाला. माणूस सुधारायचा तर कुणाच्या हुकमानं, हा प्रश्न तेव्हापासून या शब्दाला चिकटलेला आहे. 'अनार्को' या उपसर्गाचं उत्तर स्पष्ट आहे: ज्याचा देह, त्याचाच निर्णय. या उपसर्गाविना 'ट्रान्सह्यूमॅनिझम' हा शब्द मला धोक्याचा वाटतो.

हा उपसर्ग इतका महत्त्वाचा, म्हणून मराठीत या विचाराला 'अराजकी' म्हणू नये. 'अराजक माजलं' म्हटलं की आपल्याला दगडफेक आणि लुटालूटच आठवते. 'अराज्यवादी' हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. लिहिणाऱ्यांनी आणि भाषांतरकारांनी तोच वापरावा.