बोरघाटातल्या पहाऱ्याची कुळकथा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून कमानींवरचे कॅमेरे नंबरपाट्या वाचतात, दोन कमानींमधल्या वेळेवरून सरासरी वेग काढतात आणि घरी चलान धाडतात. ही व्यवस्था नवी असली, तरी खंडाळ्याच्या उतारावर वेगावर पहारा ठेवण्याची गरज रेल्वेइतकीच जुनी आहे. 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, तेव्हा चढ काही ठिकाणी 37 फुटांना 1 फूट होता. 1869 मध्ये उतरणारी एक मेल गाडी ब्रेक न लागल्याने रिव्हर्सिंग स्टेशनवर, म्हणजे गाडीची दिशा उलटायची तिथे, थांबू शकली नाही आणि मोठा अपघात झाला. मंकी हिल, ठाकूरवाडी इथल्या कॅच सायडिंग याच भीतीपोटी आहेत. तिथला सांधा मुळात चढणीच्या आडमार्गाकडे लावलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक धरतो हे दिसलं, की मगच मुख्य मार्ग मिळतो. न थांबलेली गाडी आपसूक चढणीवर जाते आणि तिचा वेग मरतो. वेग ओळखणं आणि गाडी आवरणं इथे एकाच यंत्रणेत बांधलेलं आहे.

रस्त्यावरच्या जाळ्यात नेमका हाच सांधा निखळला आहे. कॅमेऱ्याला वेग कळतो, पण त्यातून निघतं ते चलान. जाणूनबुजून गाडी दामटणाऱ्याला दंडाचा धाक बसतो, हे मान्यच. मात्र 26 जुलै 2025 रोजी आडोशी बोगद्याजवळ ब्रेक निकामी झालेल्या कंटेनरने समोरच्या वाहनांना चिरडलं, तिथे दंड काय करणार? डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या ट्रकचे ड्रम तापतात, लायनिंगची पकड जाते. मग चालकाच्या हाती काही उरत नाही. कुणी म्हणेल, रस्ता म्हणजे रूळ नव्हे, ट्रकला सांधा बदलून वळवता येत नाही. खरं आहे. पण तापलेलं चाक आधीच ओळखता येतं: स्वित्झर्लंडमध्ये गोटहार्ड बोगद्याआधी उष्णता टिपणाऱ्या कमानी अवजड वाहनं तपासतात आणि जास्त तापलेलं वाहन बाजूला घेतात. खोट्या इशाऱ्यांनी रांगा लागतील, ही शंकाही रास्त आहे. म्हणून थांबवायचं ते फक्त अवजड वाहनांना, उतार सुरू होण्याआधी आणि मध्ये एकदा, जिथे ब्रेक निवायला जागा असेल तिथेच. शिवाय उताराच्या कडेला बेफाम ट्रक शिरून थांबेल असे खडीचे चढ बांधले आणि अशा ट्रकची खबर पुढच्या फलकांवर काही सेकंदांत झळकवता आली, तर पुढच्या गाड्यांना डावीकडे सरकायला वेळ मिळेल. कॅमेरे आणि त्यांना जोडणारी तार घाटात आधीच आलेली आहे; खर्च करायचा तो या जागांवर आणि फलकांवर.