एलईडी इंडिकेटर आणि घाईची टिकटिक

मोटारीच्या इंडिकेटरमधील तारेचा बल्ब काढून त्याजागी एलईडी बसवणे, हे वरकरणी पाच मिनिटांचे काम आहे. पुण्याच्या नाना पेठेपासून तालुक्याच्या गावातील ॲक्सेसरीजच्या दुकानापर्यंत असे बल्ब सहज मिळतात. मात्र ते बसवून इंडिकेटर चालू केला, की बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवरील बाण घाईघाईने लुकलुकू लागतो आणि टिकटिक जवळजवळ दुप्पट वेगाने ऐकू येते. नवा बल्बच सदोष निघाला, असा मालकाचा समज होतो. वास्तविक बल्ब ठीक असतो. तक्रार गाडीची असते.

इंडिकेटरचा नेहमीचा बल्ब २१ वॅटचा असतो. पुढचा, मागचा आणि मडगार्डवरील ५ वॅटचा छोटा दिवा मिळून एका बाजूस ४७ वॅट, म्हणजे सुमारे ४ अँपिअर प्रवाह लागतो. फ्लॅशर रिले हा प्रवाह जोखत असतो. एखादा बल्ब गेला, की प्रवाह घटतो आणि रिले वेग वाढवून चालकास ते कळवतो. एलईडी बल्ब अवघे तीन ते पाच वॅट घेतो. त्यामुळे रिलेच्या लेखी तिथे बल्बच नसतो. जुन्या गाड्यांतील द्विधातू पट्टीच्या रिलेत निराळाच प्रकार घडतो. तिथे प्रवाहाने तापून पट्टी वाकते, तेव्हा दिवा लुकलुकतो. एलईडीच्या किरकोळ प्रवाहाने पट्टी पुरेशी तापतच नाही आणि दिवा नुसता पेटून राहतो.

यावर बाजारात सर्वाधिक खपणारा उपाय म्हणजे रेझिस्टर. सोनेरी रंगाच्या, पंखदार ॲल्युमिनियम आवरणातील ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर बल्बच्या वायरींना समांतर जोडला, की हरवलेला प्रवाह भरून निघतो व टिकटिक पूर्ववत होते. इंजिन चालू असताना असा एक रेझिस्टर दिवा पेटलेल्या प्रत्येक क्षणी सुमारे ३० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजेच एलईडीने वाचवलेली सारी वीज इथे जळते, किंबहुना थोडी अधिकच. सिग्नलला मिनिटभर थांबण्याने फारसे बिघडत नाही; परंतु घाटात गाडी बंद पडून चारही इंडिकेटर तासभर चालू ठेवावे लागले, तर रेझिस्टर हात लावता येणार नाही इतका तापतो. चिकटपट्टीने तो प्लॅस्टिकच्या बंपरला किंवा वायरींच्या जुडग्याला बांधणे म्हणूनच धोक्याचे. तो उघड्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवावा लागतो. त्याची ५० वॅटची क्षमताही धातूला टेकवूनच गृहीत धरलेली असते.

दुसरा मार्ग रिले बदलण्याचा आहे. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक रिले प्रवाह न पाहता ठराविक वेगाने चालतो. त्यात उष्णतेचा प्रश्न उरत नाही. नवा रिले घेताना पायांचा क्रम जुन्याशी जुळतो का, हे पाहावे. दोन पायांच्या रिलेच्या जागी तीन पायांचा बसवायचा असल्यास अर्थची स्वतंत्र वायर ओढावी लागते. अलीकडच्या अनेक गाड्यांत मात्र वेगळा रिलेच नसतो. दिव्यांचे नियंत्रण बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे असते आणि तिथे हा मार्ग बंद होतो. अशा गाड्यांसाठी ‘कॅनबस’ म्हणून विकले जाणारे बल्ब आतच रेझिस्टर बाळगतात आणि ती उष्णता बंद दिव्याच्या पोटात कोंडते.

या दोन्ही उपायांची खरी किंमत निराळी आहे. घाईची टिकटिक हा दोष नसून इशारा आहे. इंडिकेटर निकामी झाल्याचे चालकाला कळले पाहिजे, अशी अट संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-दिव्यांसंबंधीच्या ४८ क्रमांकाच्या नियमावलीतही आहे. रेझिस्टर जोडल्यावर एलईडी जळून गेला, तरी रिलेला प्रवाह मिळतच राहतो. मागचा दिवा पूर्ण विझलेला आणि डॅशबोर्डवर मात्र सारे आलबेल! महामार्गावर रात्री लेन बदलणाऱ्या गाडीच्या मागून येणाऱ्या ट्रकचालकाला त्यातले काहीच दिसत नाही.

बल्ब निवडताना रंगही महत्त्वाचा. दिव्याची काच पारदर्शक असो वा पिवळी, एलईडी अंबर रंगाचाच घ्यावा; पांढरा एलईडी पिवळ्या काचेमागे फिकट, लिंबासारखा दिसतो. अंबर बल्बच्या एका जातीत टोपणाच्या पिना समोरासमोर नसतात, तिथे दुसरा बल्ब बळजबरीने बसवू नये. सपाट बुडाचा बल्ब पेटला नाही, तर उलटा फिरवून पाहावा. ध्रुव चुकलेले असतात. दिव्यातील आरसा तारेच्या जागेनुसार घडवलेला असल्याने चहूबाजूंना प्रकाश न टाकणारा एलईडी समोरून झगझगीत, पण कडेने मंद दिसतो. भर दुपारी उन्हात, दहा-पंधरा पावलांवरून आणि तिरक्या बाजूने जुन्या बल्बशी ताडून पाहिल्याशिवाय जुनी जोडी फेकू नये.

इशाऱ्याची सोय गेलेल्या गाडीत तपासणी डोळ्यांनीच करावी लागते. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून उभी केली, की आरशातून दोन्ही बाजूंचा पिवळा उजेड भिंतीवर पडताना दिसतो. पुढच्या दिव्यांसाठी गाडीचे तोंड भिंतीकडे करावे. दर आठवड्यास, आणि लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी, याला दोन मिनिटेही लागत नाहीत.