एरेझच्या फाटकापाशी

८ डिसेंबर १९८७. इस्राएलमध्ये दिवसभर राबून पॅलेस्टिनी मजूर गाझाला घरी परतत होते. गाझाच्या उत्तर टोकाला एरेझ नावाचं फाटक आहे. त्याच्या जवळच इस्राएली लष्कराच्या एका अवजड वाहनानं मजुरांच्या गाड्यांना धडक दिली आणि चार जण ठार झाले. इस्राएल म्हणालं, अपघात. गाझात लोक म्हणाले, सूड. त्यानंतर जबालिया छावणी पेटली आणि पहिला इंतिफादा, म्हणजे उठाव, सुरू झाला.

मेलेले लोक कामावरून परतत होते, हे लक्षात ठेवायला हवं. कारण ‘हाताला काम दिलं की माणूस भांडत नाही’ हा समज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. १९६७च्या युद्धानंतर वेस्ट बँक आणि गाझा इस्राएलच्या ताब्यात गेले. पुढच्या वीस वर्षांत रोज इस्राएलमध्ये कामाला जाणाऱ्या पॅलेस्टिनींची संख्या लाखाच्या घरात पोचली. काम होतं, तरीही उठाव झाला. मजुरी मिळत होती, पण स्वतःच्या गावावर, रस्त्यावर, जमिनीवर हक्क नव्हता.

एरेझला एक औद्योगिक वसाहतही होती. तिथे इस्राएली आणि पॅलेस्टिनी, दोन्ही मालकांचे कारखाने होते. १९९३च्या ऑस्लो करारानंतर अशा प्रयोगांना जोर आला. १९९४मध्ये डॅनियल लुबेट्झ्की या तरुणानं ‘पीसवर्क्स’ ही कंपनी काढली. इस्राएली कारखाना, इजिप्तच्या बरण्या, तुर्कस्तानचे वाळवलेले टोमॅटो, पॅलेस्टिनी ऑलिव्ह, असा सगळा मेळ. एकाचं नुकसान झालं तर दुसऱ्याचंही होईल, म्हणून दोघंही शांतता जपतील, हा हिशेब.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये आर्थिक करार झाला. मजुरांची ये-जा सुरळीत ठेवायचा प्रयत्न करू, असं त्यात होतं. पण ती किती आणि कोणत्या अटींवर, हे वेळोवेळी ठरवायचा हक्क प्रत्येक बाजूनं राखून ठेवला होता. कागदावर हक्क दोघांचा, प्रत्यक्षात फाटकाची किल्ली इस्राएलकडे. बॉम्बहल्ला झाला की फाटक बंद. फाटक बंद झालं की हजारो घरांतली चूल अडचणीत. १४ जानेवारी २००४ रोजी, मजूर जिथून वसाहतीत शिरायचे तिथेच, आत्मघाती स्फोटात चार इस्राएली मारले गेले. त्याच वर्षी वसाहतीचा शेवट झाला.

२००४मध्येच जेरुसलेममध्ये ‘मीट’ हा कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीनं दोन्हीकडची शाळकरी मुलं एकत्र कोडिंग आणि उद्योजकता शिकू लागली. २०११मध्ये गूगलच्या मदतीनं ‘मर्सी कोअर’ संस्थेनं ‘गाझा स्काय गीक्स’ उभं केलं. तिथे पॅलेस्टिनी तरुण कोडिंग आणि ऑनलाइन काम मिळवायला शिकत. मेलानॉक्स या इस्राएली चिप-कंपनीचे संस्थापक एयाल वाल्डमन यांनी वेस्ट बँक आणि गाझातल्या इंजिनिअरांना काम दिलं. इंटरनेटला फाटक लागत नाही, असं वाटण्याचे ते दिवस.

पण फाटक तिथेही होतं. मोबाइलच्या लहरींवर इस्राएलचं नियंत्रण असल्यानं वेस्ट बँकेत थ्रीजी यायला २०१८ उजाडलं. गाझा तेव्हाही टूजीवरच राहिलं. परदेशातून काम मिळवलेल्या पॅलेस्टिनी मुलाला पेपॅलवर पैसे घेता येत नव्हते. वेस्ट बँकेतल्या इस्राएली वसाहतींत मात्र पेपॅल चालायचं.

७ ऑक्टोबर २०२३ला हमासच्या हल्ल्यात एरेझचं फाटकही सापडलं. त्या दिवशी नोव्हा संगीत महोत्सवात मारल्या गेलेल्यांत वाल्डमन यांची मुलगी होती. नंतरच्या युद्धात गाझा उद्ध्वस्त झालं. इस्राएलमध्ये कामाला येणाऱ्या वेस्ट बँकेतल्या सुमारे दीड लाख आणि गाझातल्या सुमारे १८ हजार लोकांचा रोजगार बहुतांशी एका फटक्यात बंद झाला. ४२ हजार भारतीय कामगार पाठवण्याचा करार मे २०२३मध्येच झाला होता. युद्धानंतर बांधकामासाठी उत्तर प्रदेश, हरियाणात भरती झाली, २०२४मध्ये महाराष्ट्रातही. म्हणजे आपल्याकडचा गवंडी ज्या परातीवर उभा राहतो, तिथे काल बहुधा एक पॅलेस्टिनी गवंडी उभा होता.

मग हे सगळे कार्यक्रम फुकट गेले का? आयर्लंडकडे पाहू. १९८६मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय निधी उभारला गेला, तेव्हा गोळीबार चालूच होता. निधीनं रोजगार दिले, दोन्ही समाजांना एकत्र बसवलं. बेलफास्टचा शांतता करार झाला १९९८मध्ये, बारा वर्षांनी. तोच धडा समोर ठेवून अमेरिकेनं २०२०मध्ये इस्राएली-पॅलेस्टिनी प्रकल्पांसाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलरचा कायदा केला. पण ज्या यूएसएडमार्फत त्यातला मोठा वाटा जायचा, ती २०२५मध्ये मोडीत निघाली.

आयर्लंडमध्ये पैशाच्या पाठोपाठ राजकीय करार आला आणि सीमेवरच्या लष्करी चौक्या उठल्या. एरेझला करार अर्धवट राहिला आणि चौकी वाढत गेली. प्रशिक्षणानं माणसं तयार होतात, ओळखी होतात, आणि उद्या करार झालाच तर तो पेलायला हीच माणसं लागतील. पण शिकलेल्या मुलाला कामावर जायचं असेल, तर फाटक उघडं लागतं. ते कोडिंगच्या वर्गात उघडत नाही.