भेलशापर्यंत आलेली कुमक

पुण्याहून जम्मूला जाणाऱ्या झेलम एक्स्प्रेसमध्ये जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी पानिपतचे तिकीट काढून बसलो. समोर रजा संपवून निघालेला साताऱ्याकडचा एक जवान होता. त्याने तिळाच्या लाडवांचा डबा पुढे केला आणि विचारले, ‘‘काका, पानिपतला कोण असतं तुमचं?’’ काय सांगणार? म्हटले, ‘‘आपलेच लोक. पण फार जुने.’’

बऱ्हाणपूर झोपेतच मागे पडले. मार्च १७६० मध्ये परतूरहून निघालेली सदाशिवरावभाऊंची फौज याच बऱ्हाणपुरावरून गेली. पुढे हंडियाजवळ नर्मदा, मग सिरोंज, ग्वाल्हेर, चंबळ. अवजड तोफा, बाजारबुणगे, यात्रेकरू आणि वर पावसाळा. दिल्ली हाती यायला ऑगस्ट उजाडला. आम्ही मात्र नर्मदेच्या पुलावर सकाळचा चहा घेत होतो.

भोपाळनंतर विदिशा आले. विदिशा म्हटले की कुणालाही सांची आठवेल, हेलिओडोरसचा गरुडस्तंभ आठवेल. मला आठवले ते गावाचे जुने नाव, भेलसा. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन इथवर आले होते. २४ जानेवारी १७६१ रोजी इथेच त्यांच्या हाती एका सावकाराचे पत्र लागले. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत त्यात पानिपतची हानी लिहिली होती. मोती म्हणजे भाऊ आणि पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव. लढाई होऊन तेव्हा दहा दिवस झाले होते.

नानासाहेबांनी २७ डिसेंबरला पैठणला दुसरे लग्न केले. त्याबद्दल त्यांना बोल लावला जातो आणि तो रास्तच आहे. पण सगळे खापर त्या बोहल्यावर फोडणे मला पटत नाही. ऑक्टोबरअखेर अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो भाऊ व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. धान्याची वाट तुटली, तशी पत्रांचीही. भाऊ कोंडले गेले आहेत हे दक्षिणेत नीट कळेपर्यंत छावणीत उपासमार सुरू झाली होती. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे शेवटी लोकच भाऊंना सांगू लागले. आणि भेलशाहून दिल्ली आजच्या रेल्वेनेही सुमारे साडेसहाशे किलोमीटर आहे.

हे सगळे मी जवानाला ग्वाल्हेरपर्यंत सांगत होतो. तो म्हणाला, ‘‘म्हणजे संक्रांतीलाच घात झाला.’’ बहुतेकांचा तसाच समज आहे. खरे तर त्या काळी संक्रांत १४ जानेवारीच्या तीन-चार दिवस आधी येई. उपाशी छावणीत तो सण कसा गेला असेल, कोण जाणे.

आग्र्यानंतर धुके इतके दाटले की गाडी जेमतेम चालत होती. दिल्लीहून नव्वद किलोमीटरवरचे पानिपत पहाटे आले. दाराशी उभे राहताच वारा स्वेटरमधून आरपार गेला. दख्खनच्या उन्हात वाढलेल्या माणसांनी उघड्या माळावर अशी अडीच महिने थंडी काढली होती.

जवानाने माझी पिशवी खाली दिली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

‘‘हां आई, पानिपत आलं... नाही गं, थंडी नाही एवढी. लाडू खाल्ले की.’’